येसाईचा मधला दिवस

किती वर्षं झाली ते मला विचारू नका, मी काही मोजायला बसले नव्हते. देवराईतला तो थोरला बेहडा आज चार माणसांच्या कवेत मावत नाही, तो म्हणे तेव्हा रोपटं होता. तेव्हाची ही गोष्ट. आणि आधीच सांगून ठेवते, भीती वाटली म्हणून कोणी मध्येच उठायचं नाही. अर्धी ऐकलेली गोष्ट माणसाच्या मागं मागं घरी येते. पुरती ऐका आणि मग खुशाल जा.

आपलं खडपाळ म्हणजे घाटमाथ्यावरचं गाव. वर कातळ, खाली दरी आणि मध्ये रान. शेत म्हणायला नाचणीचे चार तुकडे. नवी नाचणी हाती येईपर्यंत माणसं रानावरच जगायची. रान पुष्कळ देतं हो, पण त्यातलं तारणारं कुठलं आणि मारणारं कुठलं, ते कळायला नको? म्हणून गावात एक निवडकरीण असायची. रानातून आलेली टोपली आधी तिच्यापुढं ठेवायची. तिनं निवडून दिलं की मग चूल पेटवायची.

त्या काळची निवडकरीण होती येसू. आज आपण तिला येसाई म्हणतो, हात जोडतो, पण तेव्हा ती नुसती येसू होती आणि तिच्या जिभेला अख्खं गाव टरकून असायचं. पाटलाच्या सुनेनं एकदा टोपलीत कडू पाला आणला, तर येसूनं भर पाणवठ्यावर तिची अशी काही हजेरी घेतली की ती बिचारी आठ दिवस पाण्याला आली नाही. मी त्याच पाटलाच्या घरात सून म्हणून आले, म्हणून त्या सुनेची तरफदारी करते असं समजू नका. होती तशी सांगते.

आता निवडायचं कसं? तर जुनी माणसं सांगायची, देवानं जीव घातले ते दोन राशींत. एक मुळाची रास, एक तोंडाची. मूळ असेल ते जागेवर उभं राहून पोट भरतं, तोंड असेल ते हिंडून खातं. मुळाच्या राशीची राखण वनजाईकडं, तोंडाच्या राशीची वाघोबाकडं. तिसरी रास नाही. येसूपुढं काहीही आणून ठेवा, ती डोळा लवायच्या आत सांगायची. कोणी वटवाघूळ आणलं, म्हणालं, हे पाखरू. येसू म्हणाली, "पिल्लाला अंगावर पाजतं ते पाखरू कसलं मेल्या? गुरावासरांत टाक त्याला." कोणी अमरवेल आणली, हिला भुईत मूळच नाही म्हणालं. "मूळ आहे की. दुसऱ्याच्या गळ्यात रुतवलंय, एवढंच," असं म्हणाली. दगडफूल आणलं, तेही मुळाच्या राशीत. आणि अळंबी? ती भुईतून वर येते, जागची हलत नाही, म्हणजे मुळाचीच. तिथं कोणाला शंकासुद्धा आली नाही.

खाण्याचाही एक कायदा होता. मुळाच्या राशीतलं नवं काही सापडलं तर तोंडाच्या राशीकडं बघायचं. शेळीनं, सशानं, गोगलगायीनं, कोणीतरी ते कुरतडलेलं असलं म्हणजे आपल्यालाही चालतं. 'तोंड लागलं, ताटात आलं,' असं पोरंसुद्धा म्हणायची. पाल्याच्या बाबतीत ते बरंचसं खपून जायचं. म्हणून तर सगळे गाफील राहिले.

एके दिवशी भिवा गुरव देवराईतून आला तो पांढराफटक पडलेला. हा भिवा वनजाईची पूजा करायचा, रानाची त्याला भीती म्हणून नव्हती. त्याच्या हातात एक पान होतं. पानाच्या शिरेत दात रुतवून एक मुंगळा मेला होता, आणि त्याच्या डोक्यातून, ऐका हं, डोक्यातून एक बारीक दांडा वर उगवला होता. दांड्याला बोंड होतं.

"वहिनी," भिवा म्हणाला, "हा एकटा नाही. एका झुडपाला रांगच्या रांग आहे. जिवंत होते तोवर आपल्या पायांनी वर चढले, पान धरलं आणि मेले. मग हे उगवलं. ह्यांना वर कोणी चढवलं?"

येसू हसली. "मुंगळा तोंडाचा, दांडा मुळाचा. अर्धा ह्या राशीत टाका, अर्धा त्या राशीत. एवढ्यासाठी धावत आलात होय भावजी?"

भिवा हसला नाही. "मुंगळ्यातून उगवतं तर माणसातून का नाही उगवणार?" एवढंच तो म्हणाला. तेव्हा बाकीच्यांचंही हसू विरलं. त्या दिवसापासून बायका देवराईत एकट्या जाईनाशा झाल्या, असं म्हणतात.

त्याच दिवसांत येसूची लेक सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एकुलती एक पोर, सातवा महिना सरत आलेला, आणि येसूचा सगळा जीव तिच्यात. गावाला फाडून खाणारी बाई लेकीपुढं अशी मऊ व्हायची की बघणाऱ्याला खोटं वाटावं. सगुणाला डोहाळे लागले अळंबीचे. दुसरं काही नकोच. आणि त्या वर्षी वारुळांवरची नेहमीची अळंबी आलीच नाही. येसू रोज रान पालथं घाली, रोज रित्या हातानं परत येई. डोहाळा राहिला तर पोराच्या कानाला पू येतो म्हणतात ना, तिला तोच घोर लागला.

मग एका सकाळी देवराईत, अगदी आत, जिथं दिवसाही ऊन भुईला टेकत नाही, तिथं तिला दिसली. पांढरीशुभ्र, हातभर उंच, मोठमोठ्या छत्र्यांची. गळ्यात झालरीचं कडं, बुडाशी वाटी. अशी अळंबी तिनं जन्मात पाहिली नव्हती. पण एका छत्रीची कड गोगलगायीनं कुरतडलेली होती, आणि गोगलगाय तिथंच होती, चांगली टुणटुणीत. तोंड लागलेलं होतं. येसूनं ओटी भरून घेतली.

खोबरं, जिरं, लसूण घालून तिनं कालवण केलं. वासानं शेजारीण दारात येऊन उभी राहिली, तर येसूनं तिला पिटाळून लावलं. सगुणानं सगळं कालवण एकटीनं संपवलं. "आये, असली गोड अळंबी मी उभ्या जन्मात खाल्ली नाही," म्हणाली. येसूनं भाकरीच्या तुकड्यानं भांडं पुसलं, तेवढंच तिच्या पोटात गेलं. हे लक्षात घ्या, त्या अळंबीला चव वाईट नव्हती, वास वाईट नव्हता, मऊ लोण्यासारखी होती.

उजाडायच्या सुमाराला सगुणाच्या पोटात कळा सुरू झाल्या. आधी वाटलं, बाळंतपणच लवकर आलं. पण त्या कळा वेगळ्या होत्या. पोरीच्या पोटात पाण्याचा थेंब टिकेना. तिचे डोळे खोल गेले, ओठ सुकून फुटले, हातपाय गार पडले. येसूच्या पोटातही मुरडा येत होता, त्यावरून काय ते ती समजली. दिवसभर लेकीचं डोकं मांडीवर घेऊन ती वनजाईला हाका मारत राहिली.

आणि दुसऱ्या दिवशी सगुणा उठून बसली. कळा थांबल्या. भाकरी मागितली, खाल्ली, पोटात राहिली. केस विंचरून घेतले. पोटावर हात ठेवून म्हणाली, "आये, हलतंय गं!" येसू ढसढसा रडली. तिनं घराघरांतून सांगून यायला शेजारणीला धाडलं. बायका आल्या, सगुणाची दृष्ट काढली, कोणी ओव्या म्हटल्या. भिवानं वनजाईला नारळ फोडला. सगळं गाव हसत होतं, आणि ज्यानं त्या पोरीला धरलं होतं ते तिच्या आत बसून आपलं काम करत होतं. अजून अंगावर काटा येतो माझ्या.

पुढच्या सकाळी सगुणाच्या डोळ्यांत हळद उतरली. मग अंगावर. ती आईला ओळखेनाशी झाली, असंबद्ध बडबडू लागली. भिवानं तिचे डोळे उघडून बघितले आणि मान खाली घातली. "वहिनी, दिवस मावळेपर्यंत..."

येसू ताडकन उठली. कोयता घेतला आणि देवराईची वाट धरली. भिवा हाका मारत वेशीपर्यंत मागं गेला आणि तिथूनच परतला. पुढं जे झालं ते बघायला कोणी नव्हतं. तरी सगळे सांगतात, आणि सगळे एकच सांगतात.

त्या पांढऱ्या अळंब्या होत्या तिथंच होत्या, आदल्या वेळेपेक्षा जास्त. येसूनं एक उपटली आणि मूळ शोधलं. मूळ नव्हतं. दुसरी उपटली, तिलाही नव्हतं. उलटी केली, पाकळ्या पाकळ्या उचकटल्या, तोंड शोधलं. तोंडही नव्हतं. ना मुळाची ना तोंडाची, मग आपण लेकीला चारलं तरी काय? ती कोयत्यानं भुई उकरू लागली. वीतभर खाली पांढरे तंतू लागले, केसापेक्षा बारीक. ते कुठं जातात बघावं म्हणून ती उकरत गेली. तंतू कुजलेल्या ओंडक्यात गेले होते. मेलेल्या सशाच्या बरगड्यांत गेले होते. उभ्या, जित्या झाडांच्या मुळांना वेढे घालून होते. जिथं उकरावं तिथं तेच. अख्ख्या देवराईखाली ते एकच जाळं पसरलं होतं आणि गाव पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावरून चालत होतं.

ती हात बाहेर काढायला गेली, तर तंतू तिच्या बोटांना वळसे घालत होते. आणि असं म्हणतात, तेव्हा भुई बोलली. आवाज कानात आला नाही, तळपायातून वर चढला.

"दोन राशी केल्यात तुम्ही. मुळाचं मेलं की कुणाचं? तोंडाचं मेलं की कुणाचं?"

लेक घरी मरत होती. येसू म्हणाली, "मेलेलं तुझं असेल. माझी लेक अजून मेली नाही."

"मुळाची राखण केलीत, तोंडाची राखण केलीत. मला नाव नाही, जागा नाही. मला त्यांच्यात ढकललंत आणि त्यांच्या कायद्यानं ताटात वाढलंत. निवड आता. मी कुठल्या राशीची?"

आणि येसू, जिनं गावात कधी कोणापुढं माघार घेतली नव्हती, ती त्या चिखलात गुडघ्यावर बसली. "तू दोन्हींतली नाहीस," ती म्हणाली. "तुझी रास तिसरी. चूक माझी आहे, लेकीची नाही. माझ्याकडून काय घ्यायचं ते घे."

"मला तोंड नाही," भुई म्हणाली. "तुझं दे. बोलायचंही आणि चाखायचंही. आजपासून बोलणं बंद. आणि माझ्या राशीतलं जे जे नवं कोणी खायला उचलेल, ते आधी तुझ्या तोंडात पडेल."

येसू हो म्हणाली. तो तिचा शेवटचा शब्द.

ती घरी आली तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. सगुणानं डोळे उघडले आणि "आये" म्हणून हाक मारली. येसूनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर आतून नुसती हवा आली. सगुणा जगली. पोर उशिरानं झालं, अशक्त होतं, पण जगलं. आता कोणी विचारू नका की औषध काय दिलं. औषध नव्हतं. सगुणाला सोडलं म्हणून ती सुटली. त्या अळंबीनं दुसऱ्या कोणाला सोडल्याचं आजतागायत कोणी सांगितलेलं नाही.

त्यानंतर येसूनं मुक्यानंच निवड केली. वेशीवर दोन राशींच्या नावाचे दोन दगड होते, तिनं तिसरा आणून पुरला. त्याच्याकडं अळंबी, भुईफोड, झाडावरचे कान, भाकरीवरची बुरशी, भिवाच्या मुंगळ्यातला दांडा, सगळं तिसऱ्या राशीत. गळ्याभोवती बोट फिरवून तळहाताची वाटी केली की समजायचं, कडं आणि वाटी आहे, हात लावू नका. आणि कडं-वाटी नसली म्हणजे चांगली, असं कोणी म्हणायला लागलं की ती त्याच्या फाडकन मुस्काटात मारायची. जीभ गेली, पण हात शाबूत होता ना! वर्षं गेली, ती म्हातारी झाली. गाव तिला येसाई म्हणू लागलं.

मग तो दुष्काळ आला. नाचणी करपली, रानातले कंद उपसून संपले. एका पडलेल्या झाडावर लहान, तपकिरी अळंबीचे झुबकेच्या झुबके फुटले. कडं नाही, वाटी नाही, वास छान. माणसं उपाशी होती, लेकरं रडत होती. उद्या ना परवा कोणीतरी ती शिजवणार, हे सगळ्यांना दिसत होतं. येसाई काठी टेकत आली. तिनं सगळ्यांच्या टोपल्या खाली ठेवायला लावल्या. मूठभर अळंबी शिजवली आणि सगळ्यांसमोर एकटीनं खाल्ली.

सकाळी तिच्या पोटात कळा आल्या. लोकांनी टोपल्यांतली अळंबी दरीत फेकली नाही, भूक वाईट असते. दारात उभे राहून ते वाट बघत होते. आणि दुसऱ्या दिवशी येसाई उठून बसली. कळा थांबल्या. पेज प्यायली, पोटात राहिली. अंगणात जमलेल्यांचे चेहरे खुलले. "उतरलं! येसाईला पचली!" कोणीतरी ओरडलं. बायका टोपल्यांकडं धावल्या.

तेव्हा येसाई उंबऱ्यात आली आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं.

सगळे थबकले. सगुणा, तिचेही केस तेव्हा पिकले होते, आईच्या पायाशी बसली आणि रडू लागली. "आये, मला पण त्या दिवशी असंच बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "भाकरी खाल्ली होती मी. केस विंचरले होते."

येसाईनं मान हलवली. मग जमलेल्या गावाला कळलं की आपल्यापुढं धडधाकट बसलेली ही बाई उद्या नाही, आणि हे तिला सगळ्यांच्या आधी ठाऊक आहे. तो अख्खा दिवस ती चांगली होती. लेकीकडून डोकं चोळून घेतलं, नातवाच्या पोराला मांडीवर घेतलं. आणि ते सगळे तिच्याभोवती मुकाट बसून राहिले, जिवंत माणसाचं सुतक धरल्यासारखे. टोपल्यांना कोणी हात लावला नाही. पुढच्या सकाळी तिच्या डोळ्यांत हळद उतरली.

येसाई गेली, तिला देवराईच्या कडेला मातीत ठेवलं. असं म्हणतात, पुढच्या पावसाळ्यात वारुळांवर नेहमीची अळंबी इतकी आली की खाणारे थकले, पण तिला ठेवलं त्या जागेवर काहीच उगवलं नाही, आजही उगवत नाही. तुम्हाला खोटं वाटत असेल तर दिवसा जाऊन बघा. दिवसाच जा.

आपल्याकडं आजही अनोळखी अळंबी कोणी उपटत नाही. रानात दिसली की 'येसाईचा घास' म्हणतात आणि वाट सोडून पुढं जातात. आणि घरात कोणी आजारी असलं, कसल्याही दुखण्यानं असो, आणि तो उठून बसला, जेवायला मागू लागला, तर त्या दिवशी खडपाळात कोणी आनंद करत नाही. नारळ फोडत नाहीत, माहेरी निरोप धाडत नाहीत. तो येसाईचा मधला दिवस, कळा आणि हळद ह्यांच्या मधला. परगावाहून आलेला पाहुणा असतो, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, तो सहज विचारतो, "काय, आता बरं वाटतंय ना?" तेव्हा आजारी माणूस उत्तर देत नाही. तो नुसतं ओठांवर बोट ठेवतो, आणि घरातली माणसं दुसरी सकाळ होईपर्यंत त्याचे डोळे बघत बसतात.